फॉर्म सबमिट होतो, पण कन्फर्मेशनचा मेल पोचत नाही

काकूंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कामात होते. "अगं, लोक मला फोन करून विचारतायत की आमची नोंदणी झाली का, मेलच नाही आला म्हणतात. तू म्हणाली होतीस ना की मेल आपोआप जातो?" काकू आमच्या ग्रुपच्या कार्यशाळांची सगळी नोंदणी बघतात आणि वेबसाइट मी सांभाळते, म्हणजे फॉर्म, त्यामागची पीएचपी या भाषेतली स्क्रिप्ट, सर्व्हर, सगळंच. म्हटलं काकू, बघते आणि सांगते.

यादी उघडली तर एकाच बाईंच्या तीन नोंदी. पहिली सकाळची, दुसरी त्यानंतर दोन मिनिटांनी, तिसरी रात्री अकरानंतर. त्या तीन ओळी बघून मला फार वाईट वाटलं, कारण काय झालं असणार ते सरळ दिसत होतं. त्यांनी फॉर्म भरला, स्क्रीनवर "धन्यवाद, आपल्याला मेल पाठवला आहे" असं आलं, मेल काही आला नाही, म्हणून लगेच परत भरला, परत तेच, मग दिवसभर वाट बघितली आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा. त्यांनी एवढी वाट बघितली कारण आमच्याच पानाने त्यांना तसं सांगितलं होतं.

पुढचे तीन-चार दिवस मी हेच करत होते. ज्याच्याकडे असा एखादा फॉर्म आहे त्याच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी अर्थात स्वतःचाच मेल आयडी टाकून बघितला. दहा सेकंदांत मेल हजर! आणि इथेच खूप जण थांबतात, माझ्याकडे तर चालतंय म्हणून. मी वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन आयडी वापरून बघितले तर दोन मेल आले, तिसरा नाही, स्पॅममध्येपण नाही. मग मी स्क्रिप्ट उघडून त्यात बदल करायला लागले, मजकूर बदल, सब्जेक्ट बदल, हेडर (मेलच्या वरची फ्रॉम, टू असली माहिती) इकडचं तिकडे कर, दर वेळी फॉर्म भरून बघ. दोन तास गेले. आता मला पक्कं वाटतं की मेल नेमका कुठे अडकलाय हे कळल्याशिवाय कोडला हातच लावू नये. फॉर्मपासून समोरच्याच्या इनबॉक्सपर्यंत मध्ये चार-पाच हात बदलतात, आणि प्रत्येक हात आपल्यापुरतं "झालं" म्हणतो.

पीएचपीच्या मेल फंक्शनचंच बघा. ते ट्रू परत देतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरवरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पत्र हातात घेतलं. पुढे ते गेलं की नाही, समोरच्याने घेतलं की परत केलं, हे त्या फंक्शनला माहीतच नसतं, तोपर्यंत ते आपलं काम संपवून मोकळं झालेलं असतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये त्या ट्रूवरच धन्यवादचं पान दाखवलं जात होतं. वर त्या ओळीच्या आधी @ लावलेलं, म्हणजे काही वॉर्निंग आलीच तरी ती कुठे दिसणार नाही. ते @ मी पहिल्यांदा काढलं.

खरी माहिती असते ती मेलच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत. स्वतःचा सर्व्हर असेल तर वार फोल्डरच्या आतल्या लॉग फोल्डरमध्ये, शेअर्ड होस्टिंग असेल तर बहुतेक पॅनलमध्ये डिलिव्हरी ट्रॅक करायची सोय असते, आणि तीही नसेल तर होस्टिंगवाल्यांना वेळ आणि आयडी देऊन विचारायचं. आमच्या सर्व्हरवर मेल पाठवायचं काम पोस्टफिक्स हा प्रोग्रॅम करतो. न आलेल्या तिसऱ्या मेलची ओळ शोधली. एका ओळीत सगळं होतं: वेळ, रांगेतला क्रमांक, कोणाला, कुठल्या सर्व्हरकडे दिला, स्टेटस बाऊन्स्ड (म्हणजे परत आला), आणि कंसात समोरच्या सर्व्हरचं उत्तर. ५५०, आणि पुढे इंग्रजीत, की फ्रॉममध्ये ज्या डोमेनचं नाव आहे त्या डोमेनच्या डीमार्क धोरणामुळे (आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं हे डोमेनने जाहीर केलेलं असतं, ते) हा मेल नाकारला. दोन तास मी ज्याचे अंदाज बांधत होते ते उत्तर तिथे लिहून ठेवलेलं होतं.

हे आकडे एकदा समजून घेतले की खूप सोपं जातं. २ ने सुरू होणारा म्हणजे घेतला. ४ ने सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, नंतर परत या, काही सर्व्हर अनोळखी सर्व्हरला मुद्दाम पहिल्यांदा असं परत पाठवतात आणि थोड्या वेळाने आला की घेतात, त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात, "मेल अर्ध्या तासाने आला" यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे नाहीच, परत येऊ नका.

आता डीमार्कने का नाकारला? स्क्रिप्ट जुनी होती, माझ्या आधी कोणीतरी बसवलेली. ती एकच मेल पाठवत होती, टू मध्ये ऑफिसचा आयडी, सीसी मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा, आणि फ्रॉम मध्येही फॉर्म भरणाऱ्याचाच. म्हणजे माणसाला कन्फर्मेशन म्हणून त्याच्याच नावाने त्याच्याच आयडीवरून आलेला मेल मिळायचा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, ऑफिसमधून रिप्लाय केला की तो थेट त्या माणसाला जावा. एके काळी हे खुशाल चालायचंही, कारण एसएमटीपी म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीचं मूळ स्टँडर्ड १९८२ चं, त्यात फ्रॉममध्ये कोणाचं नाव लिहिलंय हे तपासायची काही सोयच नव्हती. मग एसपीएफ आलं (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचा याची यादी), डीकिम आलं (मेलवरची डिजिटल सही), आणि त्या दोघांवर डीमार्क. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं धोरण "रिजेक्ट" केलं, त्याच महिन्यात एओएलनेही, म्हणजे आमच्या नावाचा मेल आमच्या सर्व्हरवरून आला नसेल तर घेऊच नका असं त्यांनी जगाला सांगून ठेवलं, आणि अशा पद्धतीने मेल पाठवणारे असंख्य फॉर्म आणि मेलिंग लिस्ट एकदम अडखळल्या. ज्या डोमेनचं धोरण अजून "नन", म्हणजे काहीच करू नका, असं आहे त्यांचे मेल पोचतात. माझा स्वतःचा आयडी तसल्याच डोमेनवरचा निघाला. म्हणून माझ्याकडे चालत होतं.

मग स्क्रिप्टचे दोन भाग केले. फॉर्म भरणाऱ्याला वेगळा मेल, फ्रॉम आमच्या डोमेनचा नोंदणीचा आयडी. ऑफिसला वेगळा मेल, फ्रॉम तोच, आणि फॉर्म भरणाऱ्याचा आयडी रिप्लाय-टू मध्ये. काकूंनी रिप्लाय दाबला की आधीसारखाच त्या माणसाला जातो.

पण एवढ्याने भागलं नाही. प्रत्येक मेलला दोन पाठवणारे असतात, एक आतल्या पत्रावर लिहिलेला, तो फ्रॉम, आणि एक पाकिटावर लिहिलेला. पाकिटावरचा पत्ता सहसा कोणी बघत नाही, पण एसपीएफ तपासलं जातं ते त्याच्यावर, आणि मेल परत आला तर तो जातो त्याच पत्त्यावर. आपण काही सांगितलं नाही तर मेल पाठवणारा प्रोग्रॅम तिथे वेब सर्व्हरच्या युजरचं नाव आणि मशीनचं नाव असं काहीतरी टाकतं. त्यामुळे फ्रॉममध्ये एक डोमेन, पाकिटावर दुसरं, आणि डीकिम नसेल तर डीमार्कला दोन्ही जुळलेले हवेत. मेल फंक्शनला पाचवं पॅरामीटर देऊन पाकिटावरचा पत्ता ठरवता येतो. फक्त तिथे फॉर्ममधून आलेलं काहीही कधीच जाऊ देऊ नका, तो पत्ता कोडमध्ये पक्का लिहिलेला असू द्या. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलर या मेल पाठवायच्या तयार लायब्ररीत जी मोठी त्रुटी सापडली ती याच वाटेने होती, पाठवणाऱ्याच्या पत्त्यातून थेट सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कमांडमध्ये शिरता येत होतं, ५.२.१८ आणि मग ५.२.२० व्हर्जनमध्ये ती बुजवली.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की इतके दिवस बाऊन्स झालेले मेल जर त्या मशीनच्या पत्त्यावर जात होते, तर ते तिथे असतीलच ना?

होते. सर्व्हरवर वेब युजरच्या नावाची एक मेलबॉक्सची फाइल, जी आजपर्यंत कोणी उघडली नव्हती, तिच्यात ७९ बाऊन्स. सगळ्यात जुना दोन महिन्यांपूर्वीचा, आम्ही सर्व्हर बदलला त्या आठवड्यातला, त्याआधीचा सर्व्हरच आता नसल्याने त्यामागचं काही मिळण्यासारखं नव्हतं. प्रत्येक बाऊन्सच्या पोटात मूळ मेलचे हेडर असतात, त्यामुळे कोणाला गेला होता, कधी, कुठल्या कार्यशाळेसाठी, सगळं वाचता येत होतं. मी ते एकेक करून वाचले. काहींनी नोंदणी करून पुढे काही विचारलंच नव्हतं, आणि त्यातल्या दोन कार्यशाळा तर होऊनही गेल्या होत्या.

त्याच फाइलीच्या शेजारी दुसरी एक गोष्ट सापडली. काकू मध्येच म्हणाल्या होत्या, "मला पण आधी प्रत्येक नोंदणीचा एक मेल यायचा, तो बंद झालाय बघ, मी म्हटलं तूच बंद केलास." मी काही बंद केलं नव्हतं. लॉगमध्ये ऑफिसच्या मेलसमोर चक्क स्टेटस सेंट! पण नीट बघितलं तर कुठल्या सर्व्हरकडे दिला या जागी "लोकल" लिहिलेलं. आमचे मेलबॉक्स दुसऱ्या सेवेकडे आहेत, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठे द्यायचे हे सांगणारी नोंद) तिकडचा आहे, पण नवा वेब सर्व्हर सेट करताना त्याच्या मायडेस्टिनेशनच्या, म्हणजे ज्यांचे मेल आपल्याकडेच ठेवायचे अशा डोमेनच्या, यादीत आमचं डोमेन राहून गेलं होतं. म्हणजे सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचं टपाल खातं मीच, बाहेर कशाला पाठवायचं, आणि तो सगळे मेल स्वतःच्याच डिस्कवर ठेवत होता. यादीतून डोमेन काढलं, पोस्टफिक्स रीलोड केलं आणि पुढच्या टेस्टला काकूंच्या फोनची रिंग त्या बोलत असतानाच वाजली. बाहेरच्या लोकांना मेल जातो, पण स्वतःच्याच डोमेनच्या आयडीला जात नाही असं दिसलं तर पहिली शंका हीच घ्या.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, अजून एक घोळ होता. एसपीएफचे दोन रेकॉर्ड. एक मेलबॉक्सच्या सेवेसाठी टाकलेला, एक नंतर सर्व्हरसाठी. दोन असले की दोन्ही चालतात असं नसतं, तपासणारा पर्मएरर (कायमची चूक) म्हणतो आणि दोन्ही गेल्यात जमा. एकाच रेकॉर्डमध्ये दोघांना घ्यावं लागतं, आणि त्यात जास्तीत जास्त दहाच डीएनएस लुकअप चालतात, त्यामुळे दुसऱ्या सेवांच्या याद्या जोडणारे इन्क्लूडवर इन्क्लूड वाढवत जाऊ नये. डीकिमची किल्लीही त्याच दिवशी बसवली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनीही छोट्या पाठवणाऱ्यांकडूनसुद्धा एसपीएफ किंवा डीकिम मागायला सुरुवात केलीय, आणि मोठ्या संख्येने (गूगलच्या हिशोबात दिवसाला पाच हजारांच्या घरात) मेल पाठवणाऱ्यांकडून दोन्ही अधिक डीमार्क. आपला एवढासा फॉर्म, त्याला कशाला हे सगळं, असं म्हणण्याचे दिवस गेले. जुळलंय का बघायला आलेल्या मेलचा मूळ सोर्स उघडायचा, ऑथेंटिकेशन रिझल्ट्स या हेडरमध्ये तिन्हीसमोर पास दिसलं पाहिजे.

आता देवनागरीचं. सब्जेक्टमध्ये कार्यशाळेचं नाव येतं, आणि काही लोकांकडे ते प्रश्नचिन्हांची रांग होऊन जायचं. हेडरमध्ये मुळात साधी इंग्रजी अक्षरंच चालतात, बाकी भाषांसाठी १९९६ च्या स्टँडर्डप्रमाणे एन्कोड करून लिहावं लागतं. मी आधी अख्खा सब्जेक्ट एका दमात बेस ६४ (कुठलाही मजकूर साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून टाकला, छोट्या नावांना ठीक, लांब नाव आलं की काही मेल प्रोग्रॅममध्ये तुटायचं. कारण असं की एका एन्कोड केलेल्या तुकड्याची लांबी ७५ अक्षरांच्या वर जाऊ नये असा नियम आहे, त्यातून खुणांची अक्षरं वजा करा, उरलेल्यात ४५ बाइट बसतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम १५ चिन्हं, आणि काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह. "प्रशिक्षण" एवढ्या एका शब्दात ती नऊ होतात. हाताने तुकडे पाडायला गेलं आणि कापा चिन्हाच्या मधल्या बाइटवर पडला की तिथे काळा चौकोन दिसतो. एमबी एन्कोड माइमहेडर हे फंक्शन तुकडे नीट चिन्हाच्या सीमेवर पाडतं, त्याच्या आधी इंटर्नल एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना तेवढं बघायचं.

हे सगळं झालं, तरी त्या तीन नोंदीवाल्या बाईंचं कोडं सुटेना. त्यांचा आयडी बाऊन्समध्ये नाही. लॉगमध्येपण नाही, एकही ओळ नाही. म्हणजे मेल नाकारला गेला नव्हता, तो स्क्रिप्टमधून बाहेरच पडला नव्हता. यादीत आयडी अगदी बरोबर दिसत होता. मग त्याची लांबी मोजली. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा एक जास्त, शेवटी एक स्पेस! फोनच्या कीबोर्डने सुचवलेला आयडी निवडला की बऱ्याचदा त्यापुढे आपोआप स्पेस पडते. स्क्रिप्टमध्ये आयडी तपासायला फिल्टर व्हार हे पीएचपीचं फंक्शन होतं, ते शेवटच्या स्पेसमुळे फॉल्स देत होतं, आणि फॉल्स आलं तर काय करायचं हे कोणी लिहिलंच नव्हतं, मेल वगळून स्क्रिप्ट पुढे सरळ धन्यवादच्या पानावर जायची. फॉर्ममधली ती फील्ड टेक्स्ट टाइपची होती. ईमेल टाइपची असती तर ब्राउझरनेच आजूबाजूच्या स्पेस काढून टाकल्या असत्या. आता टाइपही बदललाय आणि सर्व्हरवर कडेच्या स्पेस काढणारं ट्रिमही लावलंय, कारण ब्राउझरच्या भरवशावर राहता येत नाही.

याच जातीची एक चूक मागे एका दुसऱ्या फॉर्ममध्ये बघितली होती, फील्डच्या नावात मध्ये टिंब होतं, आणि पीएचपी नावातलं टिंब किंवा स्पेस बदलून अंडरस्कोअर करतं, त्यामुळे स्क्रिप्ट ज्या नावाने शोधत होती ते नाव पोस्टमध्ये, म्हणजे फॉर्ममधून आलेल्या माहितीत, नव्हतंच. म्हणून मेल जात नाही म्हटलं की मी आधी फॉर्ममधून आलेलं सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये लिहून बघते.

फॉर्म उघडलाच आहे तर दोन गोष्टी सुरक्षेच्याही केल्या. नावाच्या रकान्यात कोणी नवी ओळ घालून पुढे बीसीसी लिहिलं आणि ते नाव आपण जसंच्या तसं हेडरमध्ये टाकलं, तर आपला फॉर्म दुसऱ्यांना स्पॅम पाठवायचं साधन होतो, म्हणून हेडरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून नवी ओळ काढून टाकली. आणि कन्फर्मेशनच्या मेलमध्ये आधी "आपण लिहिलेला संदेश" म्हणून त्यांचा मजकूर परत पाठवला जायचा, तो बंद केला. बॉट तिथे जाहिरात लिहितात आणि मेल आयडी भलत्याच माणसाचा देतात, मग ती जाहिरात आपल्या चांगल्या नावाने त्या माणसाकडे पोचते.

शेवटी मेल फंक्शन सोडून पीएचपीमेलरचं आत्ताचं व्हर्जन घेतलं, ५८७ पोर्टवरून लॉगिन करून पाठवायचं. त्यात डिबग लेव्हल २ ठेवली की दोन सर्व्हरमधलं सगळं बोलणं ओळीओळीने दिसतं, कोण काय म्हणालं, कुठे ५३५ येऊन पासवर्ड चुकलाय म्हणालं, सगळं. बघून झालं की ते बंद करायचं, नाहीतर ते लोकांच्या स्क्रीनवर छापलं जातं. सबमिटनंतर आता ३०३ या रीडायरेक्टने दुसऱ्या पानावर नेते, त्यामुळे रिफ्रेश केलं तरी दुसरी नोंद पडत नाही. आणि त्या पानावर आता "मेल पाठवला आहे" असं लिहिलेलं नाही. "आपली नोंदणी झाली आहे" असं आहे, खाली मोठ्या अक्षरात नोंदणी क्रमांक, आणि मेल आला नाही तर हा क्रमांक कळवा म्हणून काकूंचा नंबर. काकूंनीच सुचवलं ते. म्हणाल्या, "लोकांना मेल नको असतो गं, त्यांना आपलं नाव लागलंय एवढंच हवं असतं."

त्या ७९ बाऊन्समधून वेगवेगळे ६१ आयडी निघाले. त्या तीन नोंदीवाल्या बाई ६२ व्या. सगळ्यांना मी नवीन मेल पाठवला, जे झालं ते सरळ लिहून, ज्यांच्या कार्यशाळा होऊन गेल्या त्यांची माफी मागून पुढच्या तारखेसाठी जागा ठेवल्याचं सांगून. रात्रभर लॉग उघडा ठेवला होता. ६१ जणांसमोर २५० आलं.

एक अजून रांगेत आहे. ४५२ ४.२.२, मेलबॉक्स भरलाय. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतो, आज तिसरा दिवस आहे. त्यांचा फोन नंबर फॉर्ममध्ये दिलेला आहे, उद्या सकाळी मी स्वतः फोन करणार आहे.